बेचाळिसावा दिवस

दर महिन्याच्या २५ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात आशांचे मोबदल्याचे फॉर्म जमा होतात. ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. आम्ही चौदाजणी बाकांवर बसलो होतो, बाहेर पाऊस होता, आणि सिस्टर एकेकीचा फॉर्म घेऊन रजिस्टरशी ताडून बघत होत्या. माझा नंबर आला. पहिल्या पानावर त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या. दुसऱ्या पानावर मध्येच थांबल्या.

"ताई, हे वाघोबानगरचं बाळ. तुमच्या भेटी चारच दिसतात. अठ्ठाविसावी आणि बेचाळिसावी कुठाय?"

"बाळंतीण माहेरी गेली, सिस्टर. परभणीकडे."

"मग हे धरता यायचं नाही. कापते हं."

त्यांनी ओळ कापली. २५० रुपये होते. सिस्टरांवर माझा राग नव्हता आणि आजही नाही, त्यांना वरून जसं सांगितलंय तसंच त्या करणार. पण त्या ओळीत काय काय होतं ते मला माहीत होतं, आणि घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ती जाईना.

मी ठाण्याजवळ कळव्यात आशा आहे, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणारी. पूर्वेला, पारसिकच्या डोंगराला लागून वाघोबानगर, भास्करनगर, घोलाईनगर अशा वस्त्या चढत गेल्यात, त्यातल्या चारशेच्या वर घरांचं काम माझ्याकडे. शासनाच्या कागदावर आम्ही आशा 'स्वयंसेविका'. या एका शब्दावर सगळं अडतं. स्वयंसेविकेला पगार नसतो, मानधन आणि कामावर आधारित मोबदला असतो. किमान वेतन लागू नाही, पीएफ नाही, बाळंतपणाची भरपगारी रजा नाही. ज्या कामाला फॉर्मवर ओळ आहे त्याचे पैसे, आणि ती ओळ पूर्ण झाली तरच.

२०२२ मध्ये ओळी कशा होत्या ते सांगते, कारण आम्हाला दरमहा ठरलेला पगार मिळतो असं पुष्कळांना वाटतं. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण करून घेतलं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं ७५. लसीकरणाचा आणि तपासणीचा दिवस भरवला की २००. महिला आरोग्य समितीची बैठक घेतली की १५०. तीस वर्षांवरच्या माणसाचा बीपी-शुगरच्या सर्वेक्षणाचा फॉर्म भरला की १०. या दहा रुपयांच्या फॉर्मसाठी माणसाला वय, तंबाखू, दारू, आईवडिलांचे आजार विचारायचे आणि टेपने कंबर मोजायची. बायका मोजू देतात. पुरुष संध्याकाळी सातनंतरच घरी सापडतात, त्यामुळे हे काम रात्रीचंच. छापील फॉर्म संपले की झेरॉक्स आमच्या खर्चाने. दोन्ही बाजू मिळून ४ रुपये. म्हणजे हातात राहिले सहा.

दवाखान्यात बाळंतपण करवलं तर शहरी भागात आशाला ४०० रुपये आहेत, पण ते बाई दारिद्र्यरेषेखालची असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीतली असेल तरच. वाघोबानगरच्या त्या पोरीचं रेशनकार्ड केशरी. तिच्या नऊ महिन्यांत मी तिला तपासणीला किती वेळा खाली आणलं, लोहाच्या गोळ्या घेत नव्हती म्हणून सासूसमोर बसवून किती वेळा घ्यायला लावल्या, त्याची कुठे ओळच नाही. मी ते पैशासाठी केलं नाही. तरी दिवस माझे गेलेच ना.

२२ जूनला तिला कळव्याच्याच महापालिकेच्या रुग्णालयात मुलगी झाली. वजन २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आमच्या सहा भेटी ठरलेल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. प्रत्येक भेटीत वजन, ताप, श्वास, नाळ, डोळे, दूध ओढतंय का, आईला अंगावरून जास्त जातंय का, सगळं बघून फॉर्मवर लिहायचं. सहा भेटींचे मिळून २५०. हा दर २०११ पासून आहे, मी आशा झाले त्याच्याही आधीपासून.

चौदावा दिवस ५ जुलैला आला. त्या आठवड्यात पावसाने नुसतं झोडपलं होतं. घोलाईनगरच्या दरडीला वर्षही झालं नव्हतं, त्यात माणसं गेली होती, त्यामुळे वरच्या घरांत पाऊस लागला की कुणी नीट झोपत नाही. मी दुपारी जायची ते धाकट्याच्या शाळेमुळे संध्याकाळी गेले. पायऱ्यांवरून पाण्याचा लोट खाली येत होता. वजनकाट्याची पिशवी छातीशी धरून चढले.

घरात पोरीची आजेसासू म्हणाली, "ताई, आज लई शहाणी झालीया. रडतच नाही."

मला ते आवडलं नाही. चौदा दिवसांचं बाळ दिवसभर रडत नाही म्हणजे काहीतरी आहे. पायाला हात लावला तर गार. पोटाला लावला तर पोटही गार. काखेत थर्मामीटर धरला, ९५.८. मग दुपटं बाजूला करून छातीकडे बघत घड्याळ लावलं. पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. चौसष्ट आले. साठ किंवा त्याच्या वर म्हणजे धोका. माझ्या हाताला कापरं होतं म्हणून परत मोजलं. सहासष्ट.

"आत्ता निघायचं," मी म्हणाले. सासू म्हणाली, सकाळी बघू, एवढ्या पावसात कुठं न्यायचं बाळाला. मी पदर खोचला, पोरीच्या ब्लाउजच्या आत बाळाला छातीला छाती लावून ठेवलं, वरून शाल, वरून माझा रेनकोट. गाडी वरपर्यंत येत नाही. पायऱ्या उतरताना मी पुढे, ती माझा खांदा धरून मागे, तिचा नवरा छत्री धरून. खाली नाक्यावर रिक्षावाला भेटला. साठ रुपये मी दिले, कारण तिच्या नवऱ्याने घाईत पाकीट घेतलंच नव्हतं आणि त्या वेळी तो हिशोब कोण करतो!

बाळ चार दिवस नवजात कक्षात राहिलं. छातीत संसर्ग होता. डॉक्टर मला म्हणाले, बरं झालं रात्रीच आणलंत. मी घरी पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. पोरांनी वरणभात खाऊन घेतला होता आणि थोरलीने माझं ताट झाकून ठेवलं होतं.

त्या रात्रीला फॉर्मवर जागा नाही. आजारी बाळ ओळखून वेळेवर पोचवलं याला ओळ नाही. मोबदल्याच्या अटींत मात्र एक वाक्य आहे, ते मला पाठ आहे: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप पाहिजेत. वजन कार्डावर लिहिलेलं पाहिजे, जन्मनोंद झालेली पाहिजे, लसी दिलेल्या पाहिजेत, आणि दोघं जिवंत पाहिजेत. बाळ गेलं तर केलेल्या भेटींचेही पैसे गेले. ही अट ज्यांनी लिहिली त्यांनी एखाद्या आशाला बाळ गेलेल्या घरातून खाली उतरताना बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, गॅस ५० रुपयांनी वाढला. सिलिंडर १,०५२ रुपये ५० पैसे. माझ्या वहीत ती तारीख आहे म्हणून सांगते. मी खर्चाची वही ठेवते, लग्न झाल्यापासून. त्या ऑगस्टचं पान असं आहे: खोलीभाडं ५,५००, लाइटबिल वेगळं ७१०. रिक्षा ६४०. मोबाइल रिचार्ज २३९, तेही २८ दिवसांचं, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा वेळा मारायचं. आणि तो फोन निम्मा वेळ कामाचाच, माहिती भरायला, फोटो टाकायला. झेरॉक्स १६०. यांचा वागळे इस्टेटमध्ये ठेकेदाराकडून पगार चौदा हजार, सुट्टी पडली की कापून. माझा त्या महिन्याचा क्लेम ६,६०० झाला. त्यात राज्याचे ३,५०० एका वेळी येतात, केंद्राचे दुसऱ्या वेळी, आणि कधी दोन महिने दोन्हींचा पत्ता नसतो. घरमालक मात्र पाच तारखेला दारात असतो. त्याचंही बरोबर आहे, त्याचा बँकेचा हप्ता आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला होता. आमच्या केंद्रात टाळ्या झाल्या, मॅडमनी पेढे वाटले. मला अभिमान वाटला. आजही वाटतो, आणि म्हणूनच वाईटही वाटतं.

तर ते बाळ. एकविसाव्या दिवशी मी गेले तेव्हा वजन २ किलो ४५०. चांगलं अंग धरत होतं. पोरगी म्हणाली, "ताई, मला आईकडं जायचंय. इथं गळतंय सगळं, बाळाला परत थंडी भरंल." खोलीच्या पत्र्यातून तीन ठिकाणी पाणी पडत होतं, खाली पातेली लावलेली. मी काय सांगणार? थांब म्हटलं असतं तर माझ्या दोन भेटी पूर्ण झाल्या असत्या. क्षणभर ते मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पत्र्याखाली कमी वजनाच्या बाळाला माझ्या २५० रुपयांसाठी मी ठेवणार नव्हते. "जा," म्हटलं, "पण तिथल्या आशाताईचा नंबर मला दे."

तिने गावाला पोचल्यावर दिला. मी फोन लावला. मला वाटलं होतं समोरची म्हणेल, तुमचं बाळ तुम्ही बघा. ती म्हणाली, "पाठवा की ताई, कार्डाचा फोटो पाठवा. अठ्ठाविसावा कधी येतो? एकोणीसला ना? मी जाते." तिने दोन्ही भेटी केल्या. तीन किलोमीटर चालून, त्या वस्तीवर एसटी नाही म्हणून. प्रत्येक वेळी वजनाचा फोटो मला पाठवला.

बेचाळिसावा दिवस २ ऑगस्टला आला, त्या दिवशी नागपंचमी होती. मी चुलीपाशी पुरणाच्या दिंडांचं बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. "तीन किलो तीनशे, बाई! आणि पेंटाची लस पण टोचून घेतली, जरा रडली, मग झोपली." मी हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि नुसतीच हसत उभी राहिले. थोरली म्हणाली, "आई, काय झालं?"

मग ऑगस्टच्या २५ तारखेला ती ओळ कापली गेली. माझ्या चार भेटी, सहा नाहीत. परभणीच्या ताईच्या दोन भेटी, सहा नाहीत. तिलाही धरून दिलं नाही. दोघींनी मिळून सहा पूर्ण केल्या, बाळ सुखरूप, लस झालेली, जन्मनोंद झालेली, आणि मोबदला दोघींनाही शून्य.

आमच्या गटप्रवर्तक ताई, म्हणजे आम्हा आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या, म्हणाल्या, अर्ज दे. मी आधी कधी अर्ज दिला नव्हता. थोरलीने लिहून दिला, मी सही केली. भेटींच्या फॉर्मच्या प्रती जोडल्या, परभणीकडून आलेल्या फोटोंच्या रंगीत प्रिंट काढल्या, एकेक दहा रुपयांना. निम्मे निम्मे द्या एवढंच मागितलं होतं. अर्ज मॅडमकडून पुढे जायचा होता. पहिल्या वेळी गेले तर आवक-जावकचे साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, मूळ फॉर्म जोडा, झेरॉक्स चालत नाही. तिसऱ्या वेळी पोच मिळाली, शिक्क्यासकट. प्रत्येक खेप म्हणजे अर्धा दिवस आणि ठाण्याला जायचं-यायचं भाडं. ऑक्टोबरमध्ये तोंडी उत्तर आलं: विभागून देता येणार नाही. मी विचारलं, लिहून मिळेल का. ते काही मिळालं नाही.

तेव्हापासून मी वहीत आणखी एक रकाना आखला. 'न धरलेलं.' त्यात पैसे लिहीत नाही, वेळ लिहिते. १४ सप्टेंबर, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून बाईला आणून केंद्रात बसवलं, अडीच तास. ३० सप्टेंबर, टीबीच्या पेशंटला गोळ्या बंद करू नको म्हणून समजवायला तीन चकरा. असं. पहिल्या सहा महिन्यांची बेरीज केली तेव्हा महिन्याला सरासरी चाळीस तास निघाले. हे फक्त मला लिहायला आठवलेले.

२०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याचे ३,५०० चे ५,००० झाले. त्याच वर्षी घराचा करार संपला आणि भाडं सहा हजार झालं. ऑक्टोबरमध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा ७,००० रुपये वाढ जाहीर झाली आणि आम्ही दिवाळीच्या तोंडावर कामाला लागलो. पण शासन निर्णय निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. कामावर मोबदला असल्यामुळे काम बंद म्हणजे क्लेमही बंद, हे लक्षात घ्या. मी त्या दोन महिन्यांत माझं गंठण सोनाराकडे ठेवलं.

फेब्रुवारीत आझाद मैदानावर हजारो बायका होत्या. गुलाबी साड्या, डोक्यावर ऊन, मुलं मांडीवर. तिथे मला परभणीची ताई भेटली. फोनवर ठरवूनच भेटलो, तरी गर्दीत शोधायला तास गेला. मला वाटलं होतं वयाने मोठी असेल, ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाली. तिने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आणला होता. पहिलं वाक्य काय म्हणाली? "आपली पोरगी चालायला लागली का हो?" मी फोनमधला व्हिडिओ दाखवला.

तिथे युनियनच्या एका ताईंनी भाषणात सांगितलं की मे २०१३ मध्येच ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती, आशा आणि अंगणवाडीसारख्या योजनांत राबणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्या शिफारशीला तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. आमच्या मागणीला कुणी मोठी म्हटलं की मला आता तेच आठवतं.

मार्च २०२४ मध्ये निर्णय झाला. जाहीर झालेले ७,००० नव्हेत, ५,०००, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. राज्याचं मानधन १०,००० झालं. पाच हजार मोठी रक्कम आहे, मी नाही म्हणणार नाही. थकबाकी पडली त्या दिवशी गंठण सोडवलं आणि थोरलीची अकरावीच्या क्लासची फी भरली. या वाढीसाठी आम्ही उन्हात बसलो, तेव्हा ती मिळाली. पुढच्या जुलैत रिचार्ज २३९ चं २९९ झालं, मग भाडं सहासष्टशे, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचं मीटर २३ वरून २६. यातल्या कशालाही कुणाला मैदानात बसावं लागलं नाही.

आणि सहा भेटींचे २५० होते, ते २५० च आहेत.

परवा रात्री परभणीच्या ताईचा फोन आला. पावसाची सुरुवात झालीय, इथे पहिल्याच सरीला पायऱ्या शेवाळल्या. "ताई," ती म्हणाली, "माझी एक बाळंतीण नवऱ्यासोबत तुमच्याकडं भास्करनगरात आलीया. बाळ दोन किलो शंभरचं होतं. उद्या एकविसावा."

"घर कुठलं?" मी विचारलं.

"पिठाच्या गिरणीच्या वर, निळ्या दाराचं म्हणाली."

मी वहीत लिहून घेतलं आणि वजनकाटा पिशवीत घालून दाराशी ठेवला.